क्लफ आणि रेव्ही यांचं खरं वैर

'द डॅम्ड युनायटेड' (२००९) हा चित्रपट म्हणजे इंग्लिश फुटबॉल प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांची खरीखुरी कहाणी, असं एका लेखात म्हटलंय. मला ते अजिबात पटलं नाही. क्लफ साकारणाऱ्या मायकेल शीनचं काम जबरदस्तच आहे, पण मूळ कादंबरीच लेखकाने क्लफ यांच्या डोक्यात शिरून रचलेली आहे. लीड्स युनायटेड क्लबचे तेव्हाचे खेळाडू जॉनी जाइल्स त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि नंतरच्या आवृत्तीत मजकूर बदलावा लागला. क्लफ २००४ मध्येच गेले होते, त्यांना बिचाऱ्यांना उत्तर देता आलं नाही.

चित्रपटात १९६८ च्या एका कप सामन्यात लीड्सचे प्रशिक्षक डॉन रेव्ही डर्बी क्लबच्या मैदानावर, तिथले प्रशिक्षक असलेल्या क्लफना ओळखही दाखवत नाहीत आणि तिथून वैर पेटतं. तो सामना प्रत्यक्षात लीड्सच्या एलंड रोड मैदानावर झाला होता! क्लफ यांचा राग लीड्सच्या दांडगाईच्या खेळावर होता, आणि तो ते जाहीरपणे बोलून दाखवत. दुखावलेल्या अहंकारापेक्षा हे कारण कितीतरी मोठं आहे. ते गाळलं की माणूस लहान होतो.

पुढे क्लफ रेव्हींच्या जागी लीड्सचे प्रशिक्षक झाले; सप्टेंबर १९७४ मध्ये, ४४ दिवसांत तिथून त्यांची हकालपट्टी झाली त्याच संध्याकाळी, दोघे यॉर्कशायर टीव्हीवर समोरासमोर बसले होते. ती मुलाखत जरूर बघा.