नोटरीच्या कागदावर घर विकत घेता येत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या मावशीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश पाठवला आणि त्याखाली लिहिले, "बघ रे, हे खरे असेल तर आपले साडेतीन लाख वाचतील." मावशी नुकतीच निवृत्त झाली आहे आणि मिळालेल्या रकमेतून, कर्ज न काढता, पुण्यात एक जुनी सदनिका घेण्याच्या विचारात आहे. संदेशात पाच दावे आहेत. नोंदणीकृत खरेदीखताची गरज नसून नोटरी केलेला करारनामा, रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) आणि विक्रेत्याचे मृत्युपत्र एवढे तीन कागद पुरतात. नॉमिनी हाच मालक असतो. घरपट्टी आणि वीजबिल नावावर झाले की मालकी सिद्ध होते. सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही. आणि भाडेकरू 12 वर्षे राहिला की घर त्याचे होते. हाच संदेश आमच्या नात्यातल्या आणखी दोघांकडेही पोहोचला असल्याने मी हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. संपत्ती हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि विक्रीचा नुसता करार मिळकतीत कोणताही हक्क निर्माण करत नाही. करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र या तीन कागदांची हीच जोडी सर्वोच्च न्यायालयासमोर सूरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात आली होती. 11 ऑक्टोबर 2011 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की अशा व्यवहारांनी मालकी हस्तांतरित होत नाही. कुलमुखत्यारपत्र रद्द न होणारे असले तरी त्याने मालकी जात नाही. आपल्या वतीने काम पाहण्यासाठी मुलाला, भावाला किंवा पत्नीला दिलेल्या प्रामाणिक कुलमुखत्यारपत्रांना या निर्णयाने बाधा येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. 2011 मध्येच निकालात निघालेली गोष्ट आज "सरकार लपवत असलेले गुपित" म्हणून लोकांच्या हाती दिली जाते, याचा मला संताप येतो.

मृत्युपत्राचा मुद्दा तर समजण्यापलीकडचा आहे. मृत्युपत्र ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते आणि तोपर्यंत तो ते केव्हाही बदलू शकतो. म्हणजे मावशीने आयुष्यभराची पुंजी मोजून द्यायची आणि विक्रेत्याने उद्या दुसरे मृत्युपत्र केले तर हातात काहीच उरायचे नाही.

शिवाय मुद्रांक शुल्काच्या ज्या बचतीसाठी हा खटाटोप सांगितला जातो, ती बचतही होत नाही. करारासोबत ताबा दिला जात असेल, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 25 मधील स्पष्टीकरणानुसार त्या करारावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क देय ठरते. ते चुकवले तर दरमहा 2 टक्क्यांनी दंड चढत जातो, आणि शुल्क व दंड भरल्याशिवाय तो कागद न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. नोंदणी न झालेला करार विशिष्ट पूर्ततेच्या, म्हणजे विक्रेत्याला करार पाळायला लावण्याच्या, दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतो, एवढे मात्र मला मान्य करावे लागेल. पण ज्याला घर हवे आहे त्याने आधीच वर्षानुवर्षांच्या दाव्याची तयारी का ठेवावी? नोंदणी झालेला दस्त नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक 2 मध्ये येतो आणि पुढच्या खरेदीदाराला तो शोधता येतो. नोटरीच्या वहीत नोंदलेला करार तसा कोणाला दिसत नाही, म्हणून एकच सदनिका तिघांना विकली तरी त्या तिघांना एकमेकांचा पत्ता लागत नाही.

नोटरीचा आग्रह विक्रेता का धरतो, याचे उत्तर बहुधा मिळकतीतच दडलेले असते, आणि मावशीच्या बाबतीत ते दुसऱ्या, म्हणजे नॉमिनीच्या, दाव्यात सापडले. सदनिका विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे, मृत्युपत्र नाही, तो स्वतः नॉमिनी आहे आणि त्याला दोन बहिणी आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली जोडलेल्या कलम 154ब-13 नुसार सोसायटी नॉमिनीला, वारस निश्चित होईपर्यंत, तात्पुरता सभासद म्हणून घेते. मालकी वारसा कायद्यानुसार ठरते आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मुलगा व मुली यांचा वाटा सारखा असतो. बहिणींची तोंडी संमती असल्याचे विक्रेता सांगतो, पण स्थावर मिळकतीतील वाटा तोंडी शब्दाने सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, अन्यथा त्या दोघींनी खरेदीखतावर स्वतः सह्या करायला हव्यात. मावशीने कर्ज काढले असते तर बँकेच्या वकिलाने पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारला असता. रोकड्या खरेदीदाराला तो विचारणारा कोणी नसतो, आणि असे संदेश नेमके त्यालाच भुलवतात.

घरपट्टी आणि वीजबिल यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. घरपट्टीवरचे नाव कर कोणाकडून वसूल करायचा एवढेच सांगते. सातबाऱ्यावरील फेरफारही महसुलासाठी असतो, त्याने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे. भाडेकरूचा दावाही तितकाच पोकळ आहे, कारण जो मालकाच्या परवानगीने राहतो त्याचा ताबा मालकाविरुद्धचा ताबा ठरत नाही, मग तो 12 वर्षे राहो वा 30.

ना-हरकत प्रमाणपत्राबाबत संदेश बरोबर आहे. गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) सदनिका विकण्यासाठी सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही, मात्र सोसायटीला 15 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्यही (सदनिका नव्या सभासदाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) 25,000 रुपयांहून अधिक घेता येत नाही, हे संदेशात लिहिले असते तर लोकांचा खरोखर फायदा झाला असता. या एका खऱ्या विधानामुळेच मावशीला उरलेली चारही खरी वाटली.

दोन्ही बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी दाखवावे, असे मावशीने विक्रेत्याला कळवले आहे. त्याने पंधरा दिवसांची मुदत मागितली असून तोपर्यंत इसाराचा एक रुपयाही द्यायचा नाही, असे आमचे ठरले आहे.