फ्रिजमधला हिवाळा

उत्तर अमेरिकेतील प्रेअरीच्या गवताळ माळांवर पिवळी फुले मिरवणाऱ्या ‘कंपास प्लांट’ या बहुवर्षायू रानझाडाचे बी मी हौसेने आणले, तेव्हा पाकिटाची फक्त पुढची बाजू वाचली होती. तिथे ‘काटक आणि दीर्घायुषी’ असे छापलेले होते. अटी मागे होत्या.

पहिली अट अशी की, या बियांना रुजण्यापूर्वी दोन-तीन महिने ओलसर थंडी सोसावी लागते. शरदात गळलेले बी लगेच उगवले तर कोवळे रोप हिमात मरेल, म्हणून हिवाळा सरल्याची खात्री पटल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. हा हिवाळा फ्रिजमध्येही घडवता येतो असे कळल्यावर मी बिया ओल्या वाळूत कालवून, पिशवीत भरून भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. फ्रिजमध्ये शिळ्या आमटीलासुद्धा हक्काची जागा असते, वाळूला मात्र नसते. ती पिशवी मी दोनदा कचऱ्याच्या डब्यातून परत आणली आणि तेवढ्या उबेत बियांना वसंत आल्याचा भास तर झाला नसेल ना, या चिंतेत रात्री जागून काढल्या.

पेरल्यावर जे पहिले उगवले, त्याला मी महिनाभर लाडाने पाणी घातले. ते तण निघाले. खरे रोप त्याच्याच सावलीत अंग चोरून उभे होते आणि त्या वर्षी त्याने जेमतेम दोन-तीन पाने काढली, कारण या झाडाचा सगळा जीव आधी मुळात जातो. पूर्ण वाढलेल्या झाडाचे सोटमूळ 15 फुटांपर्यंत खोल उतरते. म्हणजे खाली विहीर खणण्याचे काम जोरात चालू होते आणि वर मी भिंगातून पाने मोजत होतो.

या झाडाची पाने उभी राहून आपल्या कडा उत्तर-दक्षिण धरतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन पानभर मिळते आणि दुपारचे कडेवरून निसटते. पुढच्या वर्षी नवे पान आले, तेव्हा मी फोनमधले होकायंत्र लावून पाहिले, तर पान सरळ पूर्व-पश्चिम. नवे पान हव्या त्या दिशेने फुटते आणि मग दोन-तीन आठवड्यांत वळते, हे मला नंतर वाचायला मिळाले. तोवर मी फोन दुरुस्तीला टाकला होता.

चौथ्या वर्षी अखेर माझ्या डोक्यावरून जाणारा दांडा आला आणि त्यावर पहिले फूल उमलले. मी बायकोला अंगणात बोलावून स्टुलावर चढवले.

“अहो, हे तर सूर्यफूल!” ती म्हणाली. “ते तर तीन महिन्यांत येते.”

सूर्यफुलाचे बी मधल्या चकतीत धरते, पण या फुलाची चकती वांझ असून बी फक्त कडेच्या पाकळ्यांच्या बुडाशी धरते, हा फरक मी तिला सविस्तर समजावून सांगितला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे याला बियाही कमीच येणार?”