जुन्या गुन्ह्यांचा छडा आणि नातेवाइकांचा डीएनए : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

गोल्डन स्टेट किलरच्या अटकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला योग्य वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी यंत्राची आरती ओवाळली, असं तुम्हाला वाटलं. बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला चाळीस वर्षांनी पकडून कुणाचं काय भलं झालं, हा तुमचा प्रश्न. त्यासाठी गुन्ह्याशी काडीचा संबंध नसलेल्या दूरच्या नातेवाइकांचा डीएनए पोलिसांनी त्यांना न विचारता धुंडाळला, आणि डीएनएही चुकतो, तो चुकला की माणूस आयुष्यातून उठतो, हेही तुम्ही लिहिलंत. शेवटी न्यू जर्सीतल्या भाचीचा प्रश्न विचारलात. तिनं हौसेनं लाळेचा नमुना एका कंपनीला पाठवला. ‘आता मीही त्या यादीत आले का?’

‘कुणाचं काय भलं झालं’ यापासून सुरुवात करते, कारण तेच वाक्य मला सर्वांत जास्त लागलं.

गोल्डन स्टेट किलर, म्हणजे जोसेफ डिअँजेलो, यानं १९७५ ते १९८६ या काळात कॅलिफोर्नियात तेरा खून केले, पन्नासच्या आसपास बलात्कार केले. १९७९ पर्यंत तो स्वतः पोलिसात नोकरीला होता, आधी एक्झिटर गावात, मग ऑबर्नमध्ये. रात्री घरात शिरून झोपलेल्या जोडप्याच्या तोंडावर बॅटरीचा झोत मारायचा, दोघांना बांधायचा, नवऱ्याच्या पाठीवर कपबश्या रचायचा. बशी खळकन वाजली तर दोघांना मारीन, ही धमकी. हल्ल्यानंतर काही स्त्रियांना त्याचे फोन येत राहिले. या स्त्रियांनी त्या काळात पोलिसांत तक्रार केली आणि हल्ल्यानंतर काही तासांत दवाखान्यात जाऊन अंगावरचे नमुने देण्याची तपासणी सोसली. आपल्या वाट्याचं सगळं त्यांनी केलं होतं. बाकी होतं ते सरकारचं काम.

त्यातली कायद्याची बाजू तर आणखी जिव्हारी लागते. त्या काळच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार बलात्काराचा खटला दाखल करायला मुदत होती, आणि ती केव्हाच संपली होती. म्हणजे डीएनएनं माणूस सापडला तरी सत्तरच्या दशकातल्या बलात्कारांसाठी त्याच्यावर एकही आरोप ठेवता येणार नव्हता. खून आणि लुटीसाठी डांबून ठेवणं, एवढ्याच आरोपांवर खटला उभा राहिला. तरीही जून २०२० मध्ये गुन्हा कबूल करून फाशी टाळायची, तर ज्यांचे आरोप ठेवता येत नव्हते त्या बलात्कारांचीही कबुली त्याला द्यावी लागली. करोनामुळे हे कामकाज सॅक्रॅमेंटोच्या विद्यापीठातल्या मोठ्या सभागृहात झालं. एकेका प्रसंगाचं वर्णन वाचलं जात होतं आणि तो पुटपुटत होता, ‘कबूल आहे’. पुढे ऑगस्टमध्ये तीन दिवस त्या स्त्रिया, त्यांची मुलं, मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक त्याच्यासमोर उभे राहून बोलले. मग जन्मठेप झाली, पॅरोलशिवाय.

शिक्षा सत्तरी ओलांडलेल्या माणसाला झाली, हे खरं. पण कायद्यानं ज्यांची तक्रार मुदतबाह्य ठरवली होती, त्यांना भर न्यायालयात ‘हे घडलं आणि ते यानंच केलं’ हे ऐकायला मिळालं. त्याची किंमत काय, हे आपण बाहेरच्यांनी ठरवू नये असं मला वाटतं.

आता यंत्राच्या आरतीविषयी. हा गुन्हा केवळ यंत्रानं सुटला असं मला मुळीच वाटत नाही. १९८० मध्ये व्हेंच्युरा काउंटीत एका जोडप्याचा खून झाला. तिथे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची नमुन्यांचे दोन संच घ्यायची पद्धत होती. दुसरा संच कुणी न हाताळता थंड पेटीत तसाच राहिला, आणि सदतीस वर्षांनी त्यातूनच पुरेसा चांगला डीएनए मिळाला. त्या डॉक्टरांनी तो दुसरा संच घेतला तेव्हा गुन्ह्याच्या तपासात डीएनए वापरतात हे जगात कुणालाच माहीत नव्हतं! याउलट सॅक्रॅमेंटोत, जिथे बलात्कारांची सुरुवात झाली तिथे, त्यांचे कितीतरी नमुने मुदत संपली म्हणून नष्ट करून टाकले होते. शेजारच्या काँट्रा कोस्टा काउंटीत मोजके उरले होते. त्यामुळेच २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या उत्तरेतला बलात्कारी आणि दक्षिणेतला खुनी एकच आहे हे सिद्ध करता आलं.

डेट्रॉइटचं उदाहरण तर मी मूळ लेखातच सविस्तर द्यायला हवं होतं, इतकं ते मोठं आहे. २००९ मध्ये तिथल्या पोलिसांच्या एका गोदामात बलात्काराच्या नमुन्यांची ११,३४१ खोकी सापडली. प्रयोगशाळेत न पाठवलेली, काही तर ऐंशीच्या दशकातली. प्रत्येक खोक्यामागे एक बाई, जिनं तास न् तास तपासणी सोसली होती. वेन काउंटीच्या सरकारी वकील किम वर्दी यांनी निधीसाठी वर्षानुवर्षं भांडून ती तपासून घेतली, आणि एकाच माणसाचा डीएनए वेगवेगळ्या स्त्रियांच्या खोक्यांत सापडल्याची शेकडो प्रकरणं बाहेर आली. तपासणीचं तंत्र तेव्हा उपलब्ध होतं. खोकी गोदामात पडून होती आणि ती माणसं रस्त्यावर मोकळी होती. आपण ज्याला ‘जुना गुन्हा’ म्हणतो, तो पुष्कळदा विज्ञानाच्या अभावानं जुना झालेला नसतो, कुणीतरी फाईल बाजूला सारल्यामुळे झालेला असतो. मला यंत्रापेक्षा या गोष्टीबद्दल लिहायचं असतं, आणि म्हणून व्हेंच्युराच्या त्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

डीएनए चुकतो का? प्रयोगशाळेतली जुळणी चुकण्यापेक्षा नमुना तिथे कसा पोचला, हे समजण्यात माणसं जास्त चुकतात. जर्मनीत अनेक वर्षं पोलीस एका अज्ञात बाईच्या मागावर होते. हाइलब्रॉनमध्ये २००७ साली झालेल्या महिला पोलिसाच्या खुनापासून किरकोळ घरफोड्यांपर्यंत, चाळीसच्या आसपास ठिकाणी तिचा डीएनए सापडत होता. २००९ मध्ये कळलं की तो नमुने टिपायच्या कापसाच्या काड्या तयार करणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा होता. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका खून झालेल्या माणसाच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला. तो काही महिने तुरुंगात होता. खुनाच्या रात्री तो रुग्णालयात दाखल होता, आणि त्याला नेणारे रुग्णवाहिकेचे कर्मचारी नंतर खुनाच्या जागीही गेले होते, हे त्याच्या वकिलांनी शोधलं म्हणून तो सुटला. आपल्याकडे दिल्लीच्या छावला प्रकरणात, एका तरुण मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये तिन्ही आरोपींची फाशी रद्द करून त्यांना सोडलं. नमुने प्रयोगशाळेत जाण्याआधी पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, त्यांच्यात फेरफार झाला नाही याची खात्री नाही, हे त्यामागचं एक कारण. त्या मुलीच्या आईवडिलांच्या पदरात काय पडलं, याचा विचार केला की जीव तुटतो.

पण ताई, हेच हत्यार निर्दोष माणसाच्या बाजूनंही उभं राहतं, आणि ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला तो इंग्लंडमध्ये, लेस्टरजवळच्या दोन शाळकरी मुलींच्या खुनांत, आणि त्यानं सर्वप्रथम एका सतरा वर्षांच्या मुलाला सोडवलं. त्या मुलानं पोलिसांपुढे १९८६ च्या खुनाची कबुली दिली होती. डीएनएवरून माणूस ओळखायचं तंत्र शोधणारे शास्त्रज्ञ अलेक जेफ्रीज यांनी तपासणी केली तेव्हा दिसलं की दोन्ही खून एकाच माणसानं केलेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. मग आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले गेले. खरा खुनी, कॉलिन पिचफोर्क, यानं स्वतःऐवजी बेकरीतल्या सहकाऱ्याला नमुना द्यायला पाठवलं होतं. ती गोष्ट पबमधल्या गप्पांत फुटली आणि १९८७ मध्ये तो पकडला गेला.

आणि तुम्हाला ज्या पद्धतीवर आक्षेप आहे, त्याच वंशावळीच्या पद्धतीनं आयडाहोमधल्या ख्रिस्तोफर टॅपचं निर्दोषत्व सिद्ध झालं. १९९६ मधल्या एका तरुणीच्या खुनासाठी त्यानं वीस वर्षं तुरुंगात काढली. जागेवरचा डीएनए त्याचा नव्हता हे खटल्याच्या वेळीही ठाऊक होतं, पण चौकशीत त्याच्याकडून वदवून घेतलेल्या कबुलीवर शिक्षा झाली. त्या तरुणीच्या आईनं चौकशीच्या ध्वनिचित्रफिती पुनःपुन्हा पाहिल्या, हा मुलगा निर्दोष आहे अशी तिची खात्री पटली आणि ती त्याच्यासाठी लढली. २०१९ मध्ये दूरच्या नातेवाइकांवरून खरा माणूस सापडला. खुनाच्या वेळी तो समोरच्याच घरात राहत होता. त्याच्या फेकलेल्या सिगारेटच्या थोटकावरचा डीएनए जुळला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण प्रतिक्रियांत गोंधळ दिसला. वंशावळीवरून कुणालाही शिक्षा होत नाही. लाखो बिंदूंवर डीएनए ताडून पाहतात, त्यावरून चुलत-चुलत नात्यातली माणसं कळतात, मग समाईक पूर्वजापर्यंत वर जाऊन खाली सगळ्या फांद्या उतरायच्या. जनगणनेच्या जुन्या नोंदी, लग्नं, मृत्युलेख. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत जे हुडकतात तसंच, फक्त कितीतरी पटींनी मोठं. हाती लागतं ते संशयिताचं नाव. त्यानंतर त्या व्यक्तीचाच ताजा नमुना घेऊन नेहमीची चाचणी जुळावी लागते. डिअँजेलोच्या बाबतीत आधी त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरून आणि मग कचऱ्यातल्या टिश्यू पेपरवरून ती जुळवली. त्याआधी, २०१७ मध्ये, ओरेगॉनच्या वृद्धाश्रमातल्या एका माणसावर चुकीचा संशय गेला होता आणि त्याचाही नमुना घेतला गेला. तो निर्दोष होता. तुमची भीती निराधार नाही, ती इथे दिसते.

खासगीपणाबद्दल मी तुमच्यासोबत आहे, कदाचित तुमच्यापेक्षा दोन पावलं पुढे. लोक आपल्या डीएनएची माहिती चढवून नातेवाईक शोधतात त्या जीईडीमॅच या संकेतस्थळावर पोलिसांनी शोध घेतला हे अटकेनंतर लगेच जाहीर झालं. पण फॅमिलीट्री डीएनए आणि मायहेरिटेज या कंपन्यांच्या साठ्यांतही ग्राहकांना अंधारात ठेवून शोध झाला होता, हे बाहेर यायला २०२० उजाडलं. हे गैर होतं. डिअँजेलो सापडला म्हणून ते बरोबर ठरत नाही. युटामध्ये एका मारहाणीच्या प्रकरणात जीईडीमॅचनं स्वतःचाच ‘फक्त खून आणि बलात्कार’ हा नियम वाकवला. त्यावर टीका झाली तेव्हा, मे २०१९ मध्ये, ज्यानं आपणहून परवानगी दिली त्याचीच माहिती पोलिसांना दिसेल असा नियम आला. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशानं परवानगी नाकारलेल्यांसह सगळा साठा उघडायचा आदेश दिला! कंपनीचा नियम म्हणूनच पुरत नाही. मेरीलँडनं २०२१ मध्ये कायदा केला, त्यात फक्त गंभीर गुन्हे आणि आधी न्यायाधीशाची परवानगी या अटी घातल्या. मला हवं ते असं. आपल्याकडे २०१९ मध्ये मांडलेलं डीएनए विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि २०२२ च्या ओळख पटवण्याच्या कायद्यानं पोलिसांना जैविक नमुने घ्यायची मुभा मिळाली, नोंदी पंचाहत्तर वर्षं जपायच्या. कशासाठी वापरायचं याचं कुंपण मात्र तितकं पक्कं नाही. या विषयावर तुम्ही लिहा, मी आनंदानं सामील होईन.

राहिला भाचीचा प्रश्न. होय, तिच्या नमुन्यावरून तुमच्यापर्यंत पोचता येईल. मावशी-भाचीत सुमारे पाव हिस्सा डीएनए समान असतो. मात्र या साठ्यांत युरोपीय वंशाचीच माणसं फार जास्त आहेत, आणि आपल्यासारख्या पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्नं झालेल्या समाजात दूरची नातीही जवळची भासतात, त्यामुळे वंशावळ लावणं अवघड होतं. अँसेस्ट्री आणि ट्वेंटीथ्री अँड मी या लाळेवरून डीएनए तपासणाऱ्या कंपन्या पोलिसांना आपणहून शोध घेऊ देत नाहीत, न्यायालयाचा आदेश मागतात. तिनं तिथली फाईल उतरवून जीईडीमॅचवर चढवली आहे का, एवढं आधी विचारा. चढवली असेल, तर पोलिसांच्या शोधासाठी होकार की नकार हे तिथे निवडता येतं. फ्लोरिडाच्या आदेशासारखा आदेश आला तर मात्र नकाराचा उपयोग होत नाही. ट्वेंटीथ्री अँड मीच्या ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचं खातं तिथे असेल आणि तिला नको असेल, तर माहिती पुसून टाकायची आणि उरलेला लाळेचा नमुना नष्ट करायची विनंती खात्यातूनच करता येते.