डबा आहे, डिस्क कुठाय?

लोकहो, जुन्या मालिकेचा डीव्हीडी संच विकायला काढण्याआधी डबा एकदा उघडून बघायला काय जातं तुमचं? बाहेर ‘भारत एक खोज’, आत कुणाच्या तरी मुंजीचं शूटिंग! श्याम बेनेगलांची १९८८ ची ५३ भागांची मालिका, आणि गायब नेमकी कुठली डिस्क? शिवाजी महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब झालेला ओम पुरी, तीच! वेदकाळ मात्र शाबूत. वेदकाळ कोणीच कसा ढापत नाही?

जुन्या बाजारातला विक्रेता म्हणतो, “दादा, एकदम ओके माल आहे.” ओके? डिस्क उजेडात धरली तर तिच्यावर कुणीतरी घासणी फिरवलीय. भागांची यादी छापलीय, तर नेमकं तिच्यावरच किमतीचं स्टिकर. काढायला जावं तर यादीच सोलून येते.

बरं, चाललीच डिस्क, तर आधी पायरसीची धमकी. पुढे ढकलताही येत नाही! अहो, पैसे मोजून आणलीय मी! आणि ही धमकी मात्र कधी अडकत नाही हं, खणखणीत चालते. अडकतो तो ‘मिर्झा गालिब’. शेराचा पहिला मिसरा झाला, जगजीत सिंगांचा आवाज लागला, की पडद्यावर चौकोन चौकोन आणि थेट पुढचा प्रसंग. दुसरा मिसरा आम्हीच म्हणायचा का?

प्लेअर दुरुस्तीवाल्याला दाखवला, तर म्हणतो, “लेन्स मिळत नाही साहेब, फेकून द्या.” फेकू? आणि ‘तमस’ कशावर बघू, तव्यावर?