उभ्या उभ्या ऑस्कर

1952 सालचं ऑस्कर 'हाय नून'ला मिळायला हवं होतं, या मतापायी काल मला दादर ते डोंबिवली उभ्याने यावं लागलं. मैत्रीण 'सिंगिंग इन द रेन'ची बाजू घेऊन भांडत होती. तो तर उत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनातही नव्हता, हे ठणकावायला मी तावातावाने उठले आणि शेजारच्या मावशींनी माझ्या जागेवर मटारची पिशवी ठेवली. पिशवीमागून त्यांची भाची आली.

"मग मिळालं कुणाला?" शेंग सोलत मावशी.

"'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ'ला. सर्कशीवरचा आहे."

"हत्ती आहेत?"

"आहेत."

"मग बरोबर दिलंय."

मैत्रीण लगेच फितूर. "मावशी, त्यात जेम्स स्ट्युअर्ट विदूषक झालाय. अख्ख्या सिनेमात तोंडाचा रंग पुसत नाही! खरा डॉक्टर असतो. दुखण्यातून सोडवायला बायकोला मारून पळालेला."

"अगंबाई!" चार दाणे घरंगळत बाकाखाली गेले. "आणि तुझ्या त्यात गं काय?"

"बाराच्या गाडीने गुंड येणार असतो. मार्शल गावभर मदत मागत फिरतो, कुणी येत नाही."

"आणि गाडी येते बाराला?"

"येते."

"बाराची, बाराला?" मावशींनी डब्यावर नजर फिरवली. डबा खो-खो हसला. लागला निकाल.

हसा. पण 'हाय नून' लिहिणाऱ्या कार्ल फोरमनला शूटिंग चालू असतानाच अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्ट हुडकणाऱ्या समितीपुढे उभं केलं. त्याने इतरांची नावं सांगितली नाहीत, म्हणून हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेला आणि इंग्लंडला निघून गेला. मार्शल झालेल्या गॅरी कूपरचं ऑस्कर त्याच्या वतीने स्वीकारलं कुणी? नट जॉन वेनने! फोरमनला देशाबाहेर घालवायला हातभार लावला याचा पस्तावा नाही, असं पुढे छाती काढून सांगणारा हाच तो. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट कुणाचा, तर दिग्दर्शकांकडून कम्युनिस्टविरोधी शपथ लिहून घ्यायला निघालेल्या सेसिल डिमिलचा. नुसत्या हत्तींवर एवढं मिळत नाही हो.

हे सगळं मी कडीला लोंबकळत मुलुंडपर्यंत सांगितलं. भाची कानात इयरफोन घालून झोपली होती.

"तुझ्या त्याला काहीच नाही मिळालं?" मावशींनी कनवाळूपणे विचारलं.

"चार मिळाली. सर्कशीला दोनच."

"मग रडतेस कशाला!"

मैत्रिणीच्या हातावर मूठभर दाणे ठेवून मावशी ठाण्याला उतरल्या. भाची नाही उतरली.