डॅमार हॅमलिन कोसळला तो टकरीमुळेच

“एवढ्याशा टकरीने धडधाकट खेळाडूचं हृदय बंद पडतं होय? ही लसच!” असं कोविड लसीबद्दल लिहून डॅमार हॅमलिनची क्लिप अजून फॉरवर्ड होते. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत सामना चालू असताना हा अमेरिकन फुटबॉलपटू मैदानात कोसळला होता. त्या मजकुरातले दावे एकेक करून पाहू.

“टक्कर किरकोळ होती.” असेलही. इथे जोराइतकाच मुहूर्त महत्त्वाचा. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी सावरत असतात. ईसीजीवर ती टी लहर. ती चढत असतानाच नेमका हृदयावर मार बसला, तर भिंत ताणली जाते, ताणाने उघडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांतून धनभारित आयन पेशींत शिरतात आणि तिथून अवेळी ठोका सुटतो. शेजारच्या काही पेशी सावरलेल्या, काही नाहीत. ठोक्याची विद्युत लहर फुटते, गरगरत राहते आणि हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरतं. हृदयतज्ज्ञ मार्क लिंक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये भूल दिलेल्या डुकरांच्या पिल्लांवर हे तपासलं. बेसबॉलच्या आकाराची आणि वजनाची लाकडी वस्तू ताशी ४८ किलोमीटर वेगाने टी लहरीच्या शिखराआधी ३० ते १५ मिलिसेकंदांत लागली की बहुतेक वेळा थरथर सुरू व्हायची. “मग रोज खेळाडू का मरत नाहीत?” याचं उत्तर या पंधरा मिलिसेकंदांत आहे.

“तो तर उठून उभा राहिला!” वरवर बिनतोड मुद्दा. पण रक्तपुरवठा थांबला तरी शुद्ध काही सेकंद टिकते. छातीवर लागलेला चेंडू उचलून फेकला आणि मग कोसळली, अशा मुलांच्याही नोंदी आहेत.

“हृदय आधीच खराब असणार.” उलट, कोमोशिओ कॉर्डिस (छातीवरच्या माराने हृदयाची लय अचानक बिघडणं) हे निदान हृदयात मूळचा दोष नसेल तेव्हाच करतात. बळी बहुतेक किशोरवयीन मुलगे. त्यांची छाती लवचीक, त्यामुळे मार आत पोचतो.

राहिली लस. एमआरएनए लसीनंतर क्वचित हृदयाला सूज येते, विशेषतः तरुण पुरुषांत; हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण ती सूज नेमकी छातीवर टक्कर बसायची वाट बघत थांबत नाही. १८ एप्रिल २०२३ रोजी हॅमलिनने स्वतःच डॉक्टरांचं निदान जाहीर केलं: कोमोशिओ कॉर्डिस. त्याला मैदानातच सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि हृदयाची लय ताळ्यावर आणणाऱ्या डिफिब्रिलेटर यंत्राचा शॉक मिळाला होता. त्याच वर्षी तो पुन्हा खेळायला उतरला. ती क्लिप मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.