शिंपी पक्षी गाठ मारत नाही

पावसाळा तोंडावर आला की सांगलीतल्या व्हॉट्सॲप गटांवर शिंपी पक्ष्याविषयीचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. हा पक्षी पाने तोडून आणतो, चोचीच्या सुईने शिवतो, शेवटी दोऱ्याला गाठ मारतो आणि पिल्लाला माणसाचा हात लागला तर त्या वासाने घरटे कायमचे टाकून देतो, असे त्यात म्हटलेले असते. चोचीच्या सुईपुरते हे खरे आहे.

पाने तोडली जात नाहीत. फांदीवरच्याच एखाद्या रुंद पानाच्या कडा एकमेकींजवळ ओढून, किंवा दोन-तीन पाने जोडून, त्यांचा द्रोण केला जातो. छिद्रे इतकी बारीक असतात की पान करपत नाही, आणि हिरवेच राहिल्यामुळे घरटे झाडात बेमालूम लपते. तोडलेले पान दोन दिवसांत सुकले असते, हे परसातल्या वांग्याच्या झाडाजवळ उभे राहिल्यावरही कळावे.

गाठीची समजूत मात्र आजची नाही. १९व्या शतकातले पक्षिशास्त्रज्ञ जर्डन यांनीही तसे लिहिले होते, त्यामुळे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना फार दोष देता येत नाही. प्रत्यक्षात कापसाचा, वनस्पतीचा किंवा कोळिष्टकाचा तंतू छिद्रातून ओढला की बाहेरच्या बाजूला त्याचे टोक पिंजून फुगते आणि तो गोळाच तंतूला मागे सरकू देत नाही. म्हणजे हे काम शिवणीपेक्षा रिव्हेट ठोकण्याच्या अधिक जवळचे आहे. क्वचित एका छिद्रातला तंतू शेजारच्या छिद्रात नेलेला असतो, तेव्हा ते खरोखर टाक्यासारखे दिसते. जेमतेम ६ ते १० ग्रॅम वजनाच्या पाखराने गाठीवाचून साधलेली ही पकड मला गाठीपेक्षा अधिक नवलाची वाटते.

वासाचा मुद्दा निव्वळ चुकीचा असून त्यानेच अधिक नुकसान होते. नुसत्या स्पर्शाने आईबाप पिल्लांना टाकत नाहीत. वारंवार डोकावल्याने, विशेषतः घरटे बांधताना किंवा अंडी उबवताना, ते घरटे सोडू शकतात आणि आपल्या वावरामुळे कावळ्याला किंवा मांजराला जागा कळते. म्हणून लांब राहावे, हे बरोबरच आहे. पण ‘आता आई घेणार नाही’ असे मानून पडलेले पिल्लू घरी आणून दूधभात भरवणारे लोक ह्याच मजकुराच्या भरवशावर तसे करतात. पिसे न फुटलेले पिल्लू खाली सापडल्यास ते हलक्या हाताने घरट्यात परत ठेवावे आणि तिथून दूर व्हावे. नर आणि मादी दोघेही त्याला किडे भरवतात.